जुना ट्रक कां तापतो?

अमेरिकेंतल्या एखाद्या आडरस्त्यावर उन्हाळ्याच्या दुपारीं एक दृश्य अजूनहि पाहावयास मिळतें. पाऊणशें वर्षें वयाची एक फोर्ड पिकअप गाडी कडेला उभी आहे. तिचें बॉनेट उघडलेलें आहे, रेडिएटरच्या तोंडाशीं वाफेचा लोट उठत आहे, आणि झाडाच्या सावलींत तिचा मालक पाण्याचा डबा जवळ ठेवून मुकाट्यानें बसला आहे. ही गाडी बहुधा त्याच्या आजोबांनीं शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं घेतलेली असते. वडिलांनीं ती चालविलेली असते. आणि आतां ती त्याच्याकडे आलेली असते. त्याला चिंता आहे ती घरीं पोहोंचण्यास उशीर होईल ही नव्हे. इंजिनाचा बिडाचा ठोकळा उष्णतेनें तडकला तर नसेल ना, हा प्रश्न त्याला सतावीत असतो; कारण तो ठोकळा ओतण्याचें काम फोर्डच्या अमेरिकेंतील कारखान्यांत १९५३ सालानंतर झालेलें नाहीं.

जुन्या ट्रकाचें तापणें हा विषय वरवर पाहतां केवळ मिस्त्र्यांच्या उपयोगाचा वाटतो. परंतु त्यांत पदार्थविज्ञानाचे जे नियम खेळतात, ते आपल्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांतहि रोज खेळत असतात. यास्तव त्यांची ओळख करून घेण्यास गाडी दारांत असावीच लागते असें नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधन जळतें, तेव्हां क्षणभर दोन हजार अंशांहून अधिक उष्णतामान निर्माण होतें. या उष्णतेपैकीं चाकें फिरविण्याच्या कामीं येणारा वांटा जुन्या इंजिनांत जेमतेम चौथाईच असतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो, आणि जवळजवळ तितकाच भाग सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. तो तेथेंच राहूं दिला तर तेल जळेल, पिस्टन फुगून अडकतील, आणि बीड वांकडें होईल. म्हणून त्या भिंतींभोंवतीं पाण्याचें वेष्टण ठेवतात. पाणी ती उष्णता उचलतें आणि गाडीच्या तोंडाशीं असलेल्या रेडिएटरमध्यें नेऊन वाऱ्याच्या स्वाधीन करतें. पाणी येथें हमालाचें काम करतें. त्याची वाट अडली, त्याचें ओझें वाढलें, किंवा ओझें उतरविण्याची जागा बंद झाली, कीं गाडी तापलीच म्हणून समजावें.

पहिल्या पिढींतील ट्रकांत हा हमाल आपल्याच पायांनीं चालत असे. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडीला मागें माल ठेवण्याचा हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. कारखान्यांतूनच पिकअप या रूपांत बाहेर पडलेली फोर्डची हीच पहिली गाडी. तिच्या इंजिनाला पाण्याचा पंप नव्हता. आपल्याकडील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना याची युक्ति सांगावी लागणार नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, आणि थंड पाणी जड असल्यामुळें खालून त्याची जागा घेतें. इंजिनांत तापलेलें पाणी वरच्या नळीनें रेडिएटरच्या वरच्या टाकींत जाई, तेथून बारीक नळ्यांमधून उतरतां उतरतां थंड होई, आणि खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत येई. या रचनेंत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. मात्र एक अट होती. रेडिएटरमधील पाणी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेलें कीं हें चक्र तुटे, आणि मग पाणी जागच्या जागीं उकळूं लागे. आजहि मॉडेल टीच्या मालकाला पहिला धडा दिला जातो तो हाच, कीं प्रथम पाण्याची पातळी पाहावी.

इ. स. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत आणून बसविलें. इंग्रजी ‘व्ही’ या अक्षराच्या आकारांत चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा, २२१ घनइंचांचें घनफळ आणि आरंभीं ६५ अश्वशक्ति! हा सारा संसार बिडाच्या एकाच ओतीव ठोकळ्यांत सामावलेला होता. ओतकामांतील हा पराक्रमच म्हटला पाहिजे. परंतु या पराक्रमाच्या पोटींच तापण्याचें बीज दडलेलें होतें. या इंजिनाच्या झडपा वर हेडांत नसून खालीं ठोकळ्यांत, दोन रांगांच्या मधल्या बाजूस होत्या. जळालेला धूर तेथून निघे. पण धुराडें मात्र बाहेरच्या बाजूस होतें. म्हणजे तो लालभडक धूर ठोकळ्याच्या पोटांतून, सिलिंडरांच्या मधल्या फटींतून, पाण्याच्या वेष्टणाला चाटीत बाहेर पडे. जी उष्णता धुराबरोबर सरळ निघून जावयाची, तिच्यांतील बराच अंश वाटेंत पाण्याच्या माथीं येई. त्याच काळांतील शेव्हरलेच्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या झडपा हेडांत होत्या आणि धूर जवळच्या वाटेनें बाहेर पडत असे. फोर्डच्या पाण्यावर जो ज्यादा भार पडला, तो तेथें नव्हता.

यांत भर पडली ती पंपांच्या जागेची. १९३२ पासून १९३६ पर्यंत या इंजिनाचे दोन पंप हेडांच्या वरच्या तोंडाशीं बसविलेले असत. ते तापलेलें पाणी इंजिनांतून ओढून घेऊन रेडिएटरकडे ढकलीत. आतां उकळीच्या काठावर आलेल्या पाण्याला ओढ दिली, कीं त्यावरचा दाब कमी होतो आणि त्याची तेथेंच वाफ होऊं लागते. पंपाच्या पात्यांना वाफ पकडतां येत नाहीं. तीं नुसतीं गरगर फिरत राहतात. म्हणजे ज्या वेळीं पंपाची खरी गरज, नेमका त्याच वेळीं तो नादुरुस्त! ही चूक ध्यानांत येऊन १९३७ सालीं पंप खालीं, ठोकळ्याच्या पुढच्या बाजूस आणले गेले. मग ते रेडिएटरमधून आलेलें थंड पाणी इंजिनांत ढकलूं लागले. केवळ जागा बदलल्यानें अर्धें दुखणें कमी झालें. यंत्रशास्त्रांत बलापेक्षां स्थानाचें महत्त्व कसें अधिक असतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मूळच्या रचनेंतील हा दोष मान्य केला, तरी तीं इंजिनें नवीं असतांना लक्षावधि माणसांनीं तीं चालविलीं आणि शेतांत, खाणींत, डोंगरांत वापरलीं. आज जें इंजिन पांच मैलांत उकळतें, त्याचें कारण रचनेपेक्षां वयांत अधिक शोधावें लागतें. वर्षानुवर्षें साधें पाणी वापरल्यानें बिडाला आंतून गंज चढतो. तो सुटून तळाशीं गाळाच्या रूपानें बसतो. जड पाण्यांतील क्षारांची खपली भिंतींवर धरते; चहाच्या किटलींत धरते तशीच. कित्येकदां तर ओतकामाच्या वेळीं साच्याच्या गाभ्यांत राहिलेली वाळू आणि तारेचे तुकडेहि पाण्याच्या वाटेंत सांपडतात. सिलिंडराच्या तळाभोंवतीं असा दोन बोटें गाळ बसला, म्हणजे तेथें पाणी पोहोंचतच नाहीं. मग बाहेर कितीहि मोठा रेडिएटर लावला, तरी त्याचा उपयोग काय?

म्हणून जाणता मिस्त्री औषधाच्या आधीं नाडी पाहतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी केव्हां तापते?’ उभी असतांना किंवा गर्दींत हळू जातांना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होत असेल, तर दोष वाऱ्याचा आहे. पंख्याचा पट्टा सैल आहे, रेडिएटरच्या जाळींत धूळ व मेलेले किडे अडकले आहेत, किंवा पंखा जाळीपासून फार दूर आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगानें जातांना तापत असेल, तर वाऱ्याला बोल लावण्यांत अर्थ नाहीं; पाण्याच्या वाटेंत अडथळा आहे. नळ्या तुंबल्या असतील, पंपाचीं पातीं झिजलीं असतील, किंवा खालची रबरी नळी पंपाच्या ओढीनें चपटी होत असेल. हा शेवटचा दोष मोठा फसवा असतो. कारण इंजिन मंद चालत असतांना ती नळी धडधाकट दिसते, आणि वेग वाढला म्हणजेच आंत ओढली जाते. यासाठींच त्या नळीच्या आंत तारेचें वेटोळें घालण्याची रीत आहे.

दुसरी परीक्षा रेडिएटरच्या दोन टाक्यांची. वरची टाकी कढत आणि खालची अगदींच थंड लागली, तर पाणी फार मंद गतीनें उतरत आहे असें समजावें. दोन्ही सारख्याच कढत लागल्या, तर पाणी वाहत आहे, पण वारा त्याचें ओझें उतरवून घेत नाहीं. आजकाल लांबूनच उष्णतामान दाखविणारें छोटें उपकरण स्वस्तांत मिळतें. तें जाळीवरून फिरविलें तर मध्येंच एखादा थंड पट्टा सांपडतो. तेथील नळ्या बंद आहेत हें निराळें सांगावें लागत नाहीं. फोर्डच्या या इंजिनांत दोन रांगा, दोन पंप, वरच्या दोन नळ्या आणि दोन थर्मोस्टॅट असल्यामुळें आणखी एक सोय आहे. एकच बाजू अधिक तापत असेल, तर रोग त्या बाजूच्या पंपांत, थर्मोस्टॅटांत किंवा गास्केटांत शोधावा. निरोगी अर्ध्या अंगाशीं आजारी अर्धे अंग ताडून पाहण्याची संधि वैद्यालाहि क्वचितच मिळते!

तिसरी परीक्षा अधिक गंभीर. थंड इंजिन चालू करून रेडिएटरचें तोंड उघडें ठेवावें आणि पाण्याकडे पाहावें. एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर जळालेला वायु पाण्यांत शिरत आहे. हेड-गास्केट फाटलें असेल, किंवा झडपेची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधील बीड तडकलें असेल. या इंजिनांत ती जागा तडा जाण्याबद्दल कुप्रसिद्धच आहे. गास्केट थोड्या खर्चांत बदलतां येतें. तडा गेलेला ठोकळा सांधणें हें मात्र फार थोड्या कारागिरांना साधतें, आणि पुष्कळदां दुसरा ठोकळा शोधावा लागतो. म्हणून रस्त्यावर बसलेल्या त्या मालकाची चिंता अनाठायीं नसते.

कधीं कधीं पाण्याच्या वाटेंत कोठेंच दोष नसतो, आणि तरीहि गाडी तापते. ठिणगी पडण्यास उशीर होत असेल, तर इंधन उशिरां जळतें, त्याची उष्णता काम करण्याऐवजीं धुराच्या वाटेला लागते, आणि ती वाट तर पाण्याला चाटून जाणारी! कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी व हवा जास्त येत असेल, तरीहि इंजिन तापतें. अमेरिकेंत आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क मिसळलेला असतो, त्यामुळें जुन्या मापाच्या कार्ब्युरेटरांत मिश्रण थोडें अधिकच पातळ होतें. एखादें ब्रेक चाकाला घासत राहिलें असेल, तर इंजिनाला दिवसभर ओझें ओढावें लागतें. आणि एक घोटाळा तर नेहमींचा आहे. उन्हांत गाडी बंद पडली कीं ‘पाणी तापलें’ असें म्हणतात; प्रत्यक्षांत पाणी ठीक असतें, पण नळींतील पेट्रोलचीच वाफ होऊन पुरवठा तुटलेला असतो. पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवतांच गाडी चालू झाली, तर रोग निराळा होता असें समजावें आणि रेडिएटरला दोष देऊं नये.

आतां उपचारांकडे वळूं. पहिला उपचार सफाईचा. ठोकळ्याच्या बाजूचीं लोखंडी बुचें काढून, तारेनें व पाण्याच्या जोरदार धारेनें गाळ उकरून काढावा लागतो. हें काम घाणेरडें व कंटाळवाणें असतें, परंतु त्याला पर्याय नाहीं. आंतील गंज व खपली सोडविण्यासाठीं सौम्य आम्ल, उदाहरणार्थ लिंबाचें सत्त्व पाण्यांत विरघळवून वापरतात, आणि मग भरपूर स्वच्छ पाण्यानें धुतात. मात्र कॉस्टिक सोड्याचा मोह टाळावा. या इंजिनांचीं कांहीं हेडें ॲल्युमिनियमचीं असत, आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, तर जुन्या पद्धतीचा कारागीर वरच्या टाकीचा डाख वितळवून ती उचलतो, प्रत्येक नळींतून चपटी सळई फिरवितो, आणि टाकी पुन्हां डाख देऊन बसवितो. असा सुधारलेला जुना रेडिएटर कित्येकदां स्वस्तांतल्या नव्यापेक्षां सरस ठरतो.

हेड पुन्हां बसवितांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें लागतें. या इंजिनांत हेड आवळणारे खुंटे थेट पाण्याच्या वेष्टणांत उतरतात; म्हणून त्यांच्या आट्यांना पाणी रोखणारा लेप लावला नाहीं, तर पाणी आट्यांमधून हळू हळू वर झिरपतें. आणि दुसरी गोष्ट गास्केटाच्या भोकांची. १९४८ सालच्या ट्रकांपासून इंजिनाची रचना बदलली, आणि हेडांतून पाणी बाहेर पडण्याचें तोंड मध्यावरून पुढच्या टोकाला आलें. पाणी कोणत्या भोकांतून किती चढावें, हें गास्केटावरील लहानमोठ्या भोकांनीं ठरतें. एका वर्षाचें गास्केट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनाला बसल्यासारखें दिसतें, पण मग पाणी मागच्या सिलिंडरांना भेटल्यावांचून जवळच्या वाटेनें बाहेर पळतें. मिस्त्र्याचें काम नीटनेटकें, सामान नवें, आणि गाडी मात्र पूर्वींपेक्षां अधिक तापट, असा अनुभव यामुळेंच येतो.

थर्मोस्टॅटाविषयीं तर दोन्ही बाजूंनीं गैरसमज आहेत. ही छोटी झडप पाणी तापेपर्यंत बंद राहते आणि ठराविक उष्णतामानाला उघडते. गाडी तापूं लागली कीं कित्येक जण ती काढून फेकतात. कोणी म्हणतात, कीं ती काढल्यानें पाणी इतक्या वेगानें वाहतें कीं त्याला थंड होण्यास अवसरच मिळत नाहीं. हें म्हणणें बरोबर नाहीं. तेंच पाणी पुनःपुन्हां रेडिएटरमधून फिरतें, आणि वेगानें वाहणारें पाणी एकंदरींत अधिकच उष्णता वाहून नेतें. परंतु थर्मोस्टॅट काढल्यानें दुसरें नुकसान होतें. जुन्या, अर्धवट तुंबलेल्या रेडिएटरमध्यें पंप जितकें पाणी टाकतो, तितकें खालीं उतरूं शकत नाहीं. मग तें वरच्या टाकींत साचून वाहून जाणाऱ्या नळीनें रस्त्यावर सांडतें. पाणी कमी झालें कीं गाडी तापते, आणि मालक समजतो कीं उकळून गेलें. थर्मोस्टॅट चांगला आहे कीं नाहीं, हें घरींच पाहतां येतें. पातेल्यांतील पाण्यांत तो दोरीनें टांगावा, शेजारीं उष्णतामापक धरावा, आणि आंच द्यावी. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला तर उत्तम. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ९५ पर्यंत मिटूनच राहिला, तर त्याला निवृत्त करावें.

रेडिएटरच्या झाकणाचा महिमा कळण्यासाठीं डोंगर आठवावा. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळतें; परंतु उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि उकळण्याचा बिंदु खालीं येतो. दर तीनशें मीटरांस सुमारें एक अंश, असा हा हिशेब आहे. पुण्यास पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें, महाबळेश्वरास ९५ ते ९६ अंशांना, आणि अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं ९५ अंशांना. म्हणजे घाट चढतांना इंजिनाचें ओझें वाढतें, आणि नेमकी त्याच वेळीं पाण्याची सोसण्याची शक्ति कमी होते! यावर उपाय म्हणजे दाब धरणारें झाकण. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरची आणि या झाकणाची जात एकच. चार पौंड दाबाच्या झाकणानें उकळीचा बिंदु सुमारें सहा-सात अंशांनीं वर जातो. पण येथेंहि तारतम्य हवें. जुन्यांतल्या जुन्या ट्रकांचे रेडिएटर उघड्या दाबासाठीं बनविलेले होते. त्यांवर आधुनिक गाडीचें चौदा-पंधरा पौंडांचें झाकण बसविलें, तर डाखाचे सांधे उसवतात.

आतां प्रश्न उरला सुट्या भागांचा. कंपनी ज्या गाडीला केव्हांच विसरली, तिचा पंप आणावा कोठून? या शोधांत सर्वांत उपयोगी पडते ती पेटींतील हत्यारें नव्हेत, तर अंकांची ओळख. फोर्ड कंपनीनें आपल्या भागांना दिलेले क्रमांक हा एक सुंदर कोश आहे. मधला अंक भागाचें नांव सांगतो: ८००५ म्हणजे रेडिएटर, ८५०१ म्हणजे पाण्याचा पंप, ८५७५ म्हणजे थर्मोस्टॅट, ८६२० म्हणजे पंख्याचा पट्टा. त्याच्या आधींचा अंक वर्ष व जात सांगतो. ६८ म्हणजे १९३६ सालचे आठ सिलिंडर, ७८ म्हणजे १९३७ सालचे. शेवटचें अक्षर सांगतें, कीं पुढें त्या भागांत सुधारणा झाली. ज्याला हें व्याकरण कळलें, तो विक्रेत्याच्या ‘बसेल, बसेल’ या आश्वासनावर विसंबत नाहीं. उदाहरणार्थ, ६८ आणि ७८ या दोन अंकांत एकाच वर्षाचें अंतर आहे; पण पहिल्याचा पंप हेडावर बसतो आणि दुसऱ्याचा ठोकळ्यावर. गाडी कोणत्या वर्षीं नोंदली गेली, यापेक्षां तिच्यांत आज कोणतें इंजिन बसलें आहे, हें आधीं पाहावें. कारण सत्तर-ऐंशीं वर्षांच्या आयुष्यांत इंजिन एकदांहि बदललेलें नाहीं असा ट्रक विरळाच.

भाग मिळण्याचीं ठिकाणें साधारण तीन प्रकारचीं आहेत. पहिलें भंगाराचें आवार. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागांत जुन्या गाड्या गंजल्यावांचून वर्षानुवर्षें पडून राहतात, म्हणून तेथील पत्रा व ओतीव भाग यांना मागणी असते. दुसरें म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रा. पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील हर्शी गांवीं १९५५ पासून, आणि त्याच राज्यांत कार्लाइल येथें १९७४ पासून असा मेळा भरत आला आहे. मैदानभर मांडलेल्या पालांतून लोक गंजक्या पेट्यांत हात घालून तासन् तास शोध घेतात. देवदर्शनाच्या रांगेंतला धीर तेथें पाहावयास मिळतो. तिसरा प्रकार नव्यानें बनविलेल्या नकलांचा. फोर्डच्या या गाड्यांचा चाहतावर्ग मोठा असल्यामुळें पंप, नळ्या, गास्केटें, रेडिएटर, सारें आज नवें मिळतें. मात्र नक्कल म्हणजे मूळ नव्हे. पंपाचें पातें आणि त्याचें कवच यांत फट अधिक राहिली, तर पंप चकचकीत दिसूनहि पाणी कमी ढकलतो. म्हणून तो बसविण्यापूर्वीं मोजून घेतलेला बरा.

मूळ कंपनीचा, वेष्टणांत गुंडाळलेला, कधींच न वापरलेला भाग हातीं लागला, म्हणजे शोध करणाऱ्यास धनलाभाचा आनंद होतो. परंतु काळ वेष्टणाच्या आंतहि आपलें काम करीत असतो. बीड, पितळ, पोलाद यांचे भाग सत्तर वर्षांनींहि नव्यासारखे असूं शकतात. रबर मात्र कडक होऊन चिरतें. जुन्या सांठ्यांतील रबरी नळी, पट्टा किंवा रबरी पडद्याचा भाग कितीहि अस्सल असला, तरी तो कपाटांत शोभेला ठेवावा आणि गाडीला नवा घालावा.

या कहाणीचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोंचतो. फोर्ड कंपनीची हिंदुस्थानांतील शाखा १९२६ सालीं निघाली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीजवळ गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून तयार झालेल्या शेव्हरले आणि फोर्ड गाड्या महाराष्ट्राच्या घाटांतून धांवल्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. निघाली, ती बेडफर्ड जातीची होती. चढावर गाडी थांबवून तिला पाणी पाजणें हा त्या काळच्या प्रवासांतला नित्याचा विसांवा असे. १९५४ सालीं दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं येथील काम आटोपलें, आणि भागांचा ओघ आटला. त्यानंतर ज्या मालकांनीं त्या गाड्या टिकविल्या, त्यांनीं चोरबाजारांतील ढीग उपसून आणि लेथवाल्याकडून हवा तो भाग कातून घेऊन त्या टिकविल्या. आज येथें असा ट्रक ज्याच्याजवळ आहे, त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं उजव्या बाजूच्या स्टिअरिंगमुळें कांहीं भाग अमेरिकेहून मागवितां येत नसले, तरी पंप, थर्मोस्टॅट, गास्केटें यांसारखे इंजिनाचे भाग तेच असतात. क्रमांक जुळले कीं झालें.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. तापलेल्या रेडिएटरचें झाकण उघडणें हें आगीशीं खेळणें आहे. दाबाखालीं न उकळलेलें पाणी झाकण निघतांच एकदम वाफ होऊन उसळतें आणि तोंड-हात भाजून काढतें. गाडी बंद करून अर्धा तास थांबावें. मग जाड फडका घेऊन झाकण पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें, आणि फुसफुस थांबल्यावर पुढें जावें. दुसरें, तापलेल्या ठोकळ्यांत थंड पाणी ओतूं नये. कढत कांचेच्या पेल्यांत थंड पाणी घातलें असतां जें होतें, तेंच बिडाचें होतें. तिसरें, विकत मिळणारें शीतक द्रव्य गोडसर चवीचें पण विषारी असतें. सांडलेलें मुलांच्या व जनावरांच्या वाटेंत राहूं देऊं नये. तें वापरावें मात्र अवश्य, कारण त्यांतील गंजरोधक द्रव्यामुळें पुढचा गाळ होणेंच थांबतें.

जुन्या गाडीला विजेवर चालणारा आधुनिक पंखा लावण्याची सूचना नेहमीं होते. फोर्डच्या गाड्यांची वीज १९५५ पर्यंत सहा व्होल्टची होती, आणि हे पंखे बारा व्होल्टचे असतात. म्हणजे पंख्यापायीं सगळी विजेची मांडणी बदलावी लागते. ज्याला रोज गर्दींतून गाडी चालवावयाची आहे, त्यानें ती खुशाल बदलावी. पण पुष्कळदां असें दिसून येतें, कीं पंखा, मोठा रेडिएटर, दुसरा पंप, असें एकामागून एक सामान चढविल्यावर शेवटीं ठोकळ्यांतला गाळ निघतो आणि मग यांपैकीं एकाचीहि जरूर नव्हती हें कळतें. खर्चिक उपाय आधीं सुचतो. स्वस्त उपायाला हात काळे करावे लागतात.

झाडाखालीं बसलेला तो मालक अखेर उठतो. पाऊण तास झालेला असतो. वाफ केव्हांच ओसरलेली असते. तो झाकण हलकेंच काढतो, पाणी भरतो, इंजिन चालू करतो, आणि उघड्या तोंडांत वांकून पाहतो. बुडबुडे नाहींत. मग तो खालच्या नळीवर हात ठेवून इंजिनाचा वेग वाढवितो. नळी हाताखालीं चपटी होते. दोष एवढासाच निघाला! नव्या नळीची किंमत क्षुल्लक आहे. आणि ज्या ठोकळ्याला पैशांनीं मोल नाहीं, तो शाबूत आहे. सावकाश गतीनें तो घराच्या वाटेला लागतो. त्याच्या आजोबांनींहि ही गाडी अशाच रीतीनें, कान व हात जागे ठेवून, चालविली असली पाहिजे; एरवीं ती त्याच्यापर्यंत पोहोंचलीच नसती.